दक्षिणेचा गळा : अमेरिकन गाणं कुठून आलं आणि कानाला ते कसं ओळखायचं

१९५४ च्या जुलैमध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात, मेम्फिस शहरात, एक तबकडी निघाली. गायक एकोणीस वर्षांचा, ट्रक चालवून पोट भरणारा, नाव एल्विस प्रेस्ली. तबकडीच्या एका बाजूला 'दॅट्स ऑल राइट' हे गाणं. मूळचं मिसिसिपी राज्यातल्या आर्थर क्रूडप या कृष्णवर्णीय गायकाचं, १९४६ सालचं. तो ब्लूज गायचा, म्हणजे दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये घडलेला गाण्याचा प्रकार. दुसऱ्या बाजूला 'ब्लू मून ऑफ केंटकी'. ते बिल मन्रो या गोऱ्या गायकाचं, मुळात तीन मात्रांच्या संथ चालीत बांधलेलं. एल्विसने ते चार मात्रांत आणून पळवलं. स्थानिक रेडिओवर पहिली बाजू वाजली आणि फोन खणखणू लागले. निवेदकाने मुलाखतीत एल्विसला शाळेचं नाव विचारलं. त्या काळी गोऱ्यांच्या आणि कृष्णवर्णीयांच्या शाळा वेगळ्या होत्या, त्यामुळे शाळेचं नाव ऐकलं की गाणारा मुलगा गोरा आहे हे मेम्फिसच्या श्रोत्यांना आपोआप कळणार होतं. नुसत्या आवाजावरून ते कळत नव्हतं.

अमेरिकन संगीत समजून घ्यायचं तर इथूनच सुरुवात करावी. जे समाज एका बाकावर बसू शकत नव्हते, त्यांचा गळा मात्र ओळखू येऊ नये इतका सारखा होता. या गळ्याचं गाव म्हणजे अमेरिकेची दक्षिण.

'दक्षिण' म्हणजे नकाशाचा खालचा अर्धा भाग नव्हे. १८६१ च्या सुमारास गुलामगिरी टिकवण्यासाठी जी अकरा राज्यं देशातून फुटली (व्हर्जिनिया, दोन्ही कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सस, अर्कान्सा, टेनेसी), ती आणि त्यांना लागून असलेलं केंटकीसारखं राज्य, एवढा तो मुलूख. कापूस आणि तंबाखूची शेती. १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन जुन्या मालकांकडेच राहिली. पूर्वीचे गुलाम आणि गरीब गोरे दोघंही अर्धेलीने शेती करू लागले. बी-बियाणं, किराणा सगळं मालकाच्या दुकानातून उधार, आणि वर्षाअखेरीस मालकाच्या वहीत कर्ज शिल्लकच. एका बांधावर काम करणारी ही माणसं चर्चमध्ये, गाडीत, शाळेत वेगळी बसत. पण गाणं हवेतून जातं, त्याला बांध घालता येत नाही.

तीन गोष्टी कानाने पकडा

दक्षिणेचा गळा ओळखायला तीन खुणा पुरतात: सूर, ओळ आणि शब्दाचा उच्चार. एकेक घेऊ.

सुराची खूण म्हणजे 'ब्लू नोट'. घरी पेटी असेल तर करून बघा. सफेद एकच्या पट्टीत उजव्या हाताने सा-ग-प एकत्र दाबून धरा, गंधार शुद्ध. आता तोंडाने कोमल गंधार लावा आणि तिथून हळूच वर ढकला, पण शुद्ध गंधारापर्यंत पोचू नका. मधेच कुठेतरी सूर सोडा. पेटीतला गंधार आणि गळ्यातला गंधार एकमेकांना घासतात, आणि त्या घासण्यातून जी कळ उठते ती ब्लू नोट. निषाद असाच खाली झुकलेला असतो, आणि पंचमाच्या जरा खाली, तीव्र मध्यमाच्या आसपास, आणखी एक अशीच जागा असते. पेटीच्या पट्ट्यांवर हे सूर सापडत नाहीत, कारण ते दोन पट्ट्यांच्या मधे आहेत. म्हणूनच मिसिसिपीतले गिटारवाले तारेवर चाकूची मागची बाजू किंवा बाटलीचा कापलेला गळा घासत. आपल्या भाषेत सांगायचं तर ती मींडेचीच सोय होती. १९०३ च्या सुमारास टटवायलर नावाच्या लहानशा रेल्वे स्टेशनवर डब्ल्यू. सी. हँडी या बँडमास्तराने एका फाटक्या माणसाला असं चाकूने गिटार वाजवताना ऐकलं. पुढे १९१२ मध्ये 'मेम्फिस ब्लूज' आणि १९१४ मध्ये 'सेंट लुइस ब्लूज' छापून ही चाल देशभर नेली ती याच हँडीने.

आपल्याकडचे शिकलेले गायक इथे हमखास दोन चुका करतात. पहिली, कोमल गंधारावर स्वच्छ उभं राहणं. त्याने सूर सुरेल होतो, पण राग गायल्यासारखा वाटतो. खालच्या कॉर्डशी, म्हणजे पेटीवर एकत्र धरलेल्या सुरांशी, होणारी झटापट नाहीशी होते. दुसरी, गमक घेणं. ब्लूजमध्ये सूर हेलकावत नाही, एकाच दिशेला थोडासा ढकलला जातो आणि सुटतो. जोग रागात शुद्ध आणि कोमल दोन्ही गंधार आणि सोबत कोमल निषाद असल्यामुळे तो कानावर असलेल्याला ही जागा लवकर सापडते. फक्त जोगात दोन गंधार आपापल्या पायरीवर असतात आणि इथे दोन पायऱ्यांमधला उतारच महत्त्वाचा.

दुसरी खूण ओळीची. ब्लूजचं कडवं बारा भागांचं, प्रत्येक भाग चार मात्रांचा, म्हणजे एकूण ४८ मात्रा. पहिले चार भाग 'सा'च्या कॉर्डवर (सा-ग-प). मग दोन भाग 'म'च्या कॉर्डवर (म-ध-सा), दोन परत 'सा'वर. मग एक 'प'च्या कॉर्डवर (प-नी-रे), एक 'म'वर, आणि शेवटचे दोन 'सा'वर. शब्दांची रचना अशी की पहिली ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि मग उत्तर देणारी तिसरी ओळ. मराठीत नमुना बनवायचा तर असा:

कापूस वेचून झाला, हिशोब काही जुळला नाही,
कापूस वेचून झाला, अगं, हिशोब काही जुळला नाही,
मालकाच्या वहीमधला आकडा काही ढळला नाही.

हे म्हणताना ओळ चार भाग भरून ताणायची नाही. ओळ अडीच भागांच्या आत संपवायची आणि उरलेली जागा गिटारला द्यायची. गळा बोलतो, वाद्य उत्तर देतं. नवखा माणूस ती रिकामी जागा आलापाने भरतो आणि गाण्याचा जीवच जातो. मिनिटाला ७२ मात्रांची लय धरली तर एक कडवं ४० सेकंदांत संपतं. जुन्या ७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, म्हणजे चार-साडेचार कडवी. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांमध्ये गाणं अचानक तुटल्यासारखं का संपतं, त्याचं एक कारण हे गणित आहे. मिसिसिपीच्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६ मध्ये सॅन अँटोनिओला आणि १९३७ मध्ये डॅलसला मिळून फक्त २९ गाणी ध्वनिमुद्रित केली आणि १९३८ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी तो गेला. एवढ्याशा ऐवजातून पुढच्या दोन पिढ्यांचे गिटारवाले शिकले.

या सवालजवाबाचं मूळ शेतात आणि चर्चमध्ये आहे. गाण्याची पुस्तकं कमी, वाचता येणारे त्याहून कमी. तेव्हा पुढचा माणूस भजनाची ओळ टाकायचा आणि सगळी मंडळी ती उचलायची. आपल्याकडे बुवांनी ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, तसंच. फरक इतका की तिथे मागची मंडळी एकसुरात गात नाहीत. जो तो आपापल्या हरकती घेत संथपणे त्या ओळीतून जातो. एका अक्षरावर पाच-सहा सूर घेण्याची जी सवय आज जगभरच्या पॉप गायकांमध्ये दिसते, तिचा उगम या बाकांवर आहे. गोऱ्यांच्या खेड्यांतही याला समांतर परंपरा होती. जॉर्जियात १८४४ मध्ये तयार झालेल्या एका भजनसंग्रहात स्वरांना आकार दिले होते: त्रिकोण म्हणजे फा, लंबगोल म्हणजे सोल, चौकोन म्हणजे ला, शंकरपाळ्याचा आकार म्हणजे मी. मंडळी चौकोन करून समोरासमोर बसतात, आधी नुसते स्वर म्हणतात, मग शब्द. श्रोता असा कोणी नसतोच. आवाज गोड करायचा नाही, छातीतून मोकळा सोडायचा. डोंगराळ भागातल्या कंट्री (खेड्यातल्या गोऱ्यांचं म्हणून ओळखलं जाणारं संगीत) गायकांचा तो सरळ, धारदार आवाज समजून घ्यायला हे एकदा ऐकावंच.

टाळीबद्दल थोडं. चार मात्रांत आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर, समेवर पडतो. इथे टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. सराव असा: 'एक' आणि 'तीन'ला पाय जमिनीवर, 'दोन' आणि 'चार'ला टाळी. दोन मिनिटांत हात घसरून समेवर येतो. पाय थांबला की तसं होतं, म्हणून पाय थांबवायचा नाही.

तिसरी खूण शब्दफेकीची, आणि माझ्या मते हीच सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. इंग्रजीत 'आय' हा जोडस्वर आहे: 'आ'पासून सुरू होऊन 'इ'कडे सरकणारा. गाताना सूर लांबवायचा झाला की गायक अडतो. कुठे थांबू, 'आ'वर की 'इ'वर? दक्षिणेच्या बोलीत हा प्रश्न पडतच नाही. तिथे 'टाइम'चा 'टाऽम' होतो, 'माइंड'चा 'माऽन्ड'. तोंड उघडं राहतं आणि सूर हवा तितका टिकतो. उलट लहान स्वर ही बोली फोडते. 'बेड'चा उच्चार 'बेयड'कडे झुकतो, म्हणजे एका अक्षरात दोन सुरांना जागा मिळते. जुन्या दक्षिणी बोलीत आणि कृष्णवर्णीयांच्या बोलीत शब्दाअखेरचा 'र' विरतो, त्यामुळे तिथेही स्वर मोकळा राहतो. बोली मुळातच गाण्याच्या सोयीची आहे. म्हणून १९६० च्या दशकात इंग्लंडमधली पोरं गाऊ लागली तेव्हा बोलायची लंडनसारखी आणि गायची मिसिसिपीसारखी. गाणी त्यांनी तबकड्यांवरून उचलली आणि गाण्याबरोबर उच्चारही आले. आज कुठल्याही देशातला गायक इंग्रजी पॉप गाताना 'आय'चा 'आऽ' करतो, तेव्हा तो नकळत दक्षिणेच्या बोलीत बोलत असतो.

एकच संगीत, दोन कपाटं

इतकं एकमेकांत मिसळलेलं संगीत वेगळं झालं कसं? मोठा वाटा १९२० च्या दशकातल्या रेकॉर्ड कंपन्यांचा. तबकड्या विकायला यादी लागते आणि यादीला रकाने. कृष्णवर्णीयांनी गायलेलं ते 'रेस', गरीब गोऱ्यांनी गायलेलं ते 'हिलबिली', ज्याला पुढे 'कंट्री' म्हणू लागले. सूर कोणता, चाल कोणती, याचा विचार त्यात नव्हता. कातडीचा रंग पाहून तबकडीचं कपाट ठरलं, आणि पुढच्या पिढ्यांना वाटू लागलं की ब्लूज आणि कंट्री ही मुळातच दोन वेगळी घराणी आहेत. हा गैरसमज अजून गेलेला नाही, आणि त्याने ज्यांचं नुकसान केलं ती माणसं आता भरपाई मागायला हयात नाहीत.

१९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीर हा माणूस व्हिक्टर कंपनीसाठी यंत्र घेऊन ब्रिस्टलला आला. हे गाव टेनेसी आणि व्हर्जिनियाच्या सीमेवर आहे, इतकं की मुख्य रस्ताच सीमा आहे. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या दिवसांत त्याने १९ कलाकारांची ७६ ध्वनिमुद्रणं केली. त्यात कार्टर कुटुंब होतं आणि मिसिसिपीच्या मेरिडियन गावचा, रेल्वेत काम केलेला, क्षयाने पोखरलेला जिमी रॉजर्स होता. कंट्री संगीताचा इतिहास इथून मोजतात. आता जरा आत डोकावून बघा. कार्टर कुटुंबाला डोंगरात हिंडून गाणी जमवायला पुढे ज्याने मदत केली तो लेस्ली रिडल कृष्णवर्णीय गिटारवादक होता. एकदा ऐकलेली चाल तो लक्षात ठेवायचा, आणि मेबेल कार्टर त्याच्याकडूनही गिटारच्या गोष्टी शिकल्या. मेबेलबाईंची स्वतःची पद्धत अशी: अंगठ्याने खालच्या पट्टीच्या जाड तारांवर चाल वाजवायची आणि बोटांनी वरच्या तारांवर ठेका खाजवायचा. एकच गिटार, पण दोन वाजताहेत असं वाटतं. जिमी रॉजर्सची गाजलेली गाणी म्हणजे बारा भागांचा ब्लूज आणि त्याच्या शेवटी योडल, म्हणजे छातीच्या आवाजातून पातळ आवाजात झटक्याने उडी. १९३० मध्ये त्याच्या एका ध्वनिमुद्रणात ट्रंपेट वाजवलाय न्यू ऑर्लिन्सच्या लुई आर्मस्ट्राँगने. कंट्रीचा आद्य गायक आणि जॅझचा सर्वांत मोठा वादक एका खोलीत, एका गाण्यात! दोन कपाटांच्या गोष्टीला याहून ठोस उत्तर नाही.

हीच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. अलाबामाच्या हँक विल्यम्सला लहानपणी गाणं-वाजवणं शिकवलं रस्त्यावर वाजवणाऱ्या रूफस पेन या कृष्णवर्णीय कलाकाराने. बिल मन्रोच्या वादनावर आर्नल्ड शुल्झचा ठसा, तोही कृष्णवर्णीय. बँजो हे वाद्य तर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आठवणीवरून घडवलं. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम रेडिओवर १९२५ मध्ये सुरू झालेला आणि पुढे 'ग्रँड ओल ऑप्री' या नावाने प्रसिद्ध झालेला कार्यक्रम कंट्री संगीताचं पीठ मानला जातो. त्याच्या सुरुवातीच्या तारकांपैकी एक होता डिफोर्ड बेली. माउथ ऑर्गनवर तो आगगाडी अशी वाजवायचा की डबे मोजावेत. दौऱ्यावर गोऱ्या सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्याला खोली मिळत नसे. १९४१ मध्ये त्याला कार्यक्रमातून काढलं आणि तो बूट-पॉलिशच्या दुकानावर जगला. कंट्रीच्या मानकऱ्यांमध्ये त्याचं नाव लागलं २००५ मध्ये, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी.

आर्मस्ट्राँगचा विषय निघालाच आहे म्हणून आपल्याकडचा एक खरा धागा सांगतो. ठेक्याच्या जरा मागे राहून गाणं, चालीतले सूर गाळून ती बोलण्याजवळ आणणं, शब्दांऐवजी निरर्थक अक्षरं फेकणं (१९२६ चं त्याचं ध्वनिमुद्रण यासाठी प्रसिद्ध आहे) ही आर्मस्ट्राँगची देणगी. मुंबईच्या हॉटेलांत ट्रंपेट वाजवणारे गोव्याचे अँतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, त्याच्या वळणावर इतके गेले की त्यांना मुंबईचा आर्मस्ट्राँग म्हणत. ते सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात होते. १९५१ च्या 'अलबेला'मधल्या ठसक्यात न्यू ऑर्लिन्सचा अंश आहे तो या वाटेने आलेला.

देवळातून बाजारात

१९५४ सालीच दुसरी एक उलथापालथ झाली. जॉर्जियात जन्मलेल्या, फ्लोरिडात वाढलेल्या, सातव्या वर्षापर्यंत दृष्टी गेलेल्या रे चार्ल्सने रेडिओवर ऐकलेल्या एका भक्तिगीताची चौकट घेतली. ठेका तोच, सवालजवाब तोच, गळ्यातला हुंकार तोच. फक्त देवाच्या जागी बाई आली. नोव्हेंबरमध्ये अटलांटाच्या एका रेडिओ केंद्रात ते गाणं ध्वनिमुद्रित झालं. चर्चमधल्या अनेकांना हे पाप वाटलं, आणि ते समजण्यासारखं आहे. कोणी विठ्ठलाची चाल उचलून लावणीला लावावी तसं ते होतं. पण 'सोल' नावाचं जे संगीत आपण ओळखतो त्याची कृती नेमकी हीच. पुढे मिसिसिपीत जन्मलेला सॅम कुक भक्तिगीतांचा लाडका गायक असताना याच वाटेने बाहेर पडला.

वाट उलगडून ऐकायची तर 'रिस्पेक्ट' हे एकच गाणं पुरे. १९६५ मध्ये जॉर्जियाच्या ओटिस रेडिंगने ते लिहिलं आणि गायलं. त्यात नवरा सांगतो की घरी आल्यावर मान मिळावा. १९६७ मध्ये मेम्फिसला जन्मलेल्या आणि धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या अरीथा फ्रँकलिनने तेच गायलं. काय बदललं? बोलणारी बाई झाली. शब्दाची अक्षरं एकेक सुटी करून फेकणारा तुकडा तिने घातला, जो ओटिसच्या गाण्यात नव्हता. आणि मागे तिच्या बहिणी कॅरोलिन आणि अर्मा चर्चमधल्या मंडळींसारख्या प्रत्येक ओळीला उत्तर देऊ लागल्या. दोन्ही ध्वनिमुद्रणं लागोपाठ ऐका, आणि दुसऱ्या खेपेला फक्त मागच्या बायकांकडे कान ठेवा. गाणं त्या चालवताहेत हे कळेल.

ही गाणी ज्या खोल्यांत घडली त्या खोल्यांचाही आवाजात वाटा आहे. मेम्फिसची स्टॅक्स कंपनी एका जुन्या सिनेमागृहात होती. खुर्च्या काढल्या, पण उतरती जमीन तशीच राहिली. जमीन आणि छत समांतर नसल्यामुळे आवाज दोघांमध्ये अडकून एका जागी घुमत नाही, पसरतो. त्या तबकड्यांना जी मोकळी, खोलवर जाणारी घुमार आहे ती यामुळे. कंपनीच्या स्वतःच्या वाद्यवृंदात दोघे कृष्णवर्णीय, दोघे गोरे. मेम्फिसमध्ये तेव्हा ते चौघं मिळून अनेक ठिकाणी जेवायलाही बसू शकले नसते. दुसरी आणि चौथी मात्रा ते केसभर उशिरा टाकत. घड्याळात मोजलं तर चूक, अंगाला ठेका झेपावा यासाठी मात्र अचूक. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने दारावर 'हिट्सव्हिल' लिहिलं होतं, म्हणून स्टॅक्सने आपल्या दारावर 'सोल्सव्हिल' लिहिलं. प्रादेशिक अभिमानाची ही पाटी मला मनापासून आवडते. धंद्यात मात्र घात झाला: १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या वितरक कंपनीशी झालेल्या करारातल्या एका कलमाने मूळ ध्वनिफितींची मालकी स्टॅक्सकडे राहिलीच नव्हती, आणि ते लक्षात यायला १९६८ उजाडलं. १९७५ मध्ये कंपनी बुडाली. आता त्या जागी संग्रहालय आहे, आणि जमीन मुद्दाम उतरती बांधली आहे.

त्याच शहरात सॅम फिलिप्सच्या छोट्या स्टुडिओत एल्विसच्या आवाजामागे जो चटकन परत येणारा प्रतिध्वनी आहे, त्यासाठी दोन टेप यंत्रं लागत. एकावर मूळ आवाज, दुसऱ्यावर तोच मुद्रित होऊन लगेच परत वाजवला जाई. मुद्रण करणारं आणि वाजवणारं डोकं यांत दोन इंचांचं अंतर आणि टेपचा वेग सेकंदाला १५ इंच धरला, तर उशीर होतो सुमारे ०.१३ सेकंद. याहून खूप कमी केला तर आवाज नुसता जाड होतो, खूप वाढवला तर शब्द एकमेकांवर चढतात. याच स्टुडिओत १९५१ मध्ये आयक टर्नरच्या बँडचा एक ॲम्प्लिफायर वाटेत खराब झाला होता. स्पीकरच्या फाटलेल्या शंकूत कागद कोंबून काम भागवलं, आणि त्यातून आलेला फाटका गिटारचा आवाज पुढे रॉक संगीताने हौसेने स्वीकारला.

सॅम फिलिप्स आणि ब्लूज छापणारे हँडी, दोघंही अलाबामाच्या फ्लोरेन्स गावचे. फेम स्टुडिओच्या नावातली पहिली दोन अक्षरं फ्लोरेन्स आणि अलाबामा यांचीच. शेजारच्या मसल शोल्समधल्या या स्टुडिओत अरीथाने जानेवारी १९६७ मध्ये अटलांटिक कंपनीसाठीचं आपलं पहिलं पूर्ण गाणं केलं. सुरुवात कशी करायची ते तासन्‌तास कुणाला सुचेना, मग स्पूनर ओल्डहॅमला इलेक्ट्रिक पियानोवर एक तुकडा सापडला आणि गाडी सुटली. अरीथाच्या मागचे वादक जवळजवळ सगळे गावठी गोरे तरुण होते. डिसेंबर १९६९ मध्ये लंडनची रोलिंग स्टोन्स मंडळी पलीकडच्या गावातल्या स्टुडिओत येऊन तीन गाणी करून गेली, ती याच मातीच्या ओढीने.

अभिमान कशाचा

दक्षिणेतून १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय माणसं उत्तरेला आणि पश्चिमेला गेली. मडी वॉटर्स १९४३ मध्ये मिसिसिपीतून शिकागोला गेला, तिथल्या गोंगाटात ऐकू जावं म्हणून गिटारला वीज जोडली. गाव सोडलेल्यांनीच गावाचं गाणं जगाला दिलं, त्यामुळे इथला अभिमान कधी सरळ नव्हता. नॉर्थ कॅरोलायनाच्या नीना सिमोनने १९६४ मध्ये मिसिसिपीला शिव्या देणारं गाणं गायलं. ते गाणंही दक्षिणेचंच आहे. लिनर्ड स्किनर्ड या बँडने १९७४ मध्ये अलाबामाचे गोडवे गाणारं गाणं केलं, कॅनडाच्या नील यंगने दक्षिणेला ऐकवलेल्या टोल्यांना उत्तर म्हणून. ते लिहिणाऱ्या तिघांपैकी एकही अलाबामाचा नव्हता. गाण्यात मसल शोल्सच्या वादकांचा मानाने उल्लेख आहे, आणि बँडच्या मंचामागे गुलामगिरीसाठी लढलेल्या सैन्याचा झेंडाही असे. वादकांचा मान आणि तो झेंडा एकाच अभिमानाच्या नावावर खपवता येत नाहीत. ज्यांच्याकडून गाणं शिकलो त्यांनाच तो झेंडा भिववत होता.

१९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका पुरस्कार सोहळ्यात अटलांटाच्या आउटकास्ट या रॅप जोडीला नवोदितांचा पुरस्कार मिळाला आणि सभागृहाने हुर्यो उडवली. जोडीतल्या आंद्रेने माइकवर म्हटलं की दक्षिणेला काही सांगायचंय. त्यांनी उच्चार बदलले नाहीत. 'आऽ' तसाच ठेवला, सावकाश बोलणं तसंच ठेवलं. २००४ मध्ये त्यांच्या अल्बमला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा ग्रॅमी मिळाला. २०२४ मध्ये ह्यूस्टनच्या बियॉन्सेचं गाणं कंट्रीच्या यादीत पहिलं आलं. त्या यादीच्या शिखरावर कृष्णवर्णीय बाई पहिल्यांदाच पोचली, आणि गाण्याच्या सुरुवातीचा बँजो वाजवलाय नॉर्थ कॅरोलायनाच्या रिॲनन गिडन्सने.

शेवटी रे चार्ल्सच्या 'जॉर्जिया ऑन माय माइंड'कडे या. ते १९३० मध्ये बांधणारे दोघंही उत्तरेकडच्या इंडियाना राज्याचे. रे चार्ल्सने १९६० मध्ये गायलं आणि ते देशात पहिल्या क्रमांकावर गेलं. १९६१ च्या मार्चमध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरात नृत्याची जमीन फक्त गोऱ्यांसाठी राखीव आहे हे कळल्यावर त्याने कार्यक्रमच केला नाही. आयोजकाने दावा लावला, ७५७ डॉलर दंड भरावा लागला. ७ मार्च १९७९ रोजी जॉर्जियाच्या विधिमंडळासमोर उभं राहून त्याने हेच गाणं म्हटलं, आणि एप्रिलमध्ये ते कायद्याने राज्यगीत झालं. १९६० चं ध्वनिमुद्रण लावा आणि राज्याचं नाव जितक्या वेळा येतं तितक्या वेळा थांबवून ऐका: 'जॉऽ' किती लांबतो, त्यातला 'र' कसा विरतो, आणि कुठल्याही दोन वेळा ते नाव एकाच सुरातून सुरू होऊन एकाच सुरावर संपतं का, ते तपासा.